मागची बट

माझे केस कुरळे आहेत. हे सांगायला एवढं वाक्य पुरतं, पण ते निभावायला पंचावन्न-छप्पन्न वर्षं गेली. लहानपणी सोलापूरला आई रविवारी सकाळी मला दोन गुडघ्यांच्या मध्ये दाबून बसवायची, पावशेर खोबरेल ओतायची आणि लाकडी फणीनं गुंता काढायला घ्यायची. मी रडायची, ती म्हणायची, "केस तसा स्वभाव. सरळ म्हणून कुठं जायचंच नाही." पुढे बी.ए.ला संस्कृत घेतलं तेव्हा कळलं, की 'कुटिल' या शब्दाचा पहिला अर्थ नुसता वाकडा, वळणाचा असा आहे. कवी केसांना कौतुकानं कुटिल म्हणत. आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "तेच तर मी म्हणते!"

लग्न होऊन 1990 साली इंदूरला आले. सासरचं कपड्याचं दुकान, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये. घरात मराठी, दारात माळवी, दुकानात हिंदी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं डोकं पाहून निकाल दिला, "हे असं पिंजारलेलं डोकं घेऊन मंदिरात येऊ नकोस ग. अंबाडा घाल. घट्ट." तेव्हापासून घट्ट अंबाडा. कपाळापासून मागे ओढून ओढून पुढचे केस विरळ झाले, पण वळण काही गेलं नाही. दुपारी अंबाडा सोडला, की पुन्हा आपले जिथल्या तिथे.

आता मुद्द्यावर येते. माझे केस मी घरी स्वतः कापते. याला आता पाच वर्षं होऊन गेली. ऐकणाऱ्या बायका आधी हसतात, मग हळूच विचारतात, "मागचे कसे ग कापतेस?" प्रश्न बरोबर आहे. खरा प्रश्न तोच आहे.

सुरुवात अशी झाली. 2019 च्या फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न होतं. जावा-नणंदा म्हणाल्या, एकदा सरळ करूनच घे. एका पार्लरमध्ये गेले. चार तास बसवलं. कसलंसं औषध लावलं, त्याच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तापलेल्या पट्ट्यांमध्ये एकेक बट दाबून इस्त्री. तिथल्या मुलीचा दोष नाही, तिला तेच शिकवलेलं. लग्नात सगळ्या म्हणाल्या, "ओळखलंच नाही!" मलाही आरशात ओळखू येत नव्हतं, पण ते मी बोलले नाही.

त्या औषधाची गंमत मला नंतर लेकीनं समजावली. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि त्यात गंधकाचे दुवे असतात. ते दुवे जसे जुळतील तसा केस वळतो. औषध ते तोडतं आणि केस सरळ धरून ठेवून पुन्हा जोडतं. तेवढा केस मग कायमचा सरळ. पण मुळातून नवा येतो तो पुन्हा कुरळाच, कारण केस जिथून निघतो ती नळीच आत वाकडी असते. तिला पार्लरवाली काय करणार? केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 2020 च्या मे महिन्यात माझ्या डोक्यावर वरचे सात इंच कुरळे आणि खालचे सहा-सात इंच झाडूसारखे सरळ, अशी दोन माणसांची डोकी एकाला एक जोडल्यासारखी अवस्था होती.

आणि बाहेर टाळेबंदी. इंदुरात त्या वेळी रोजचे आकडे ऐकून पोटात गोळा यायचा. किराण्याची यादी कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाकडे द्यायची आणि सामान येईल तेव्हा येईल. दुकान बंद. यजमानांचे केस मुलानं मशीननं कापले, दहा मिनिटांत, बाल्कनीत. वर एक खड्डा पडला, ते म्हणाले, "कोण बघतंय?" पुरुषांचं बरं असतं.

पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिचे केस माझेच. तिनं मात्र कॉलेजपासून ते मोकळे सोडलेले, त्यावरून आमची भांडणं झालेली. ती म्हणाली, "आई, तो खालचा झाडू काढून टाक. मी सांगते तसं कर."

तिनं सांगितलं ते मी आजवर पार्लरमध्ये पाहिलेल्या सगळ्याच्या उलट होतं. पार्लरमध्ये केस ओले करतात, कंगव्यानं सरळ ताणतात आणि एका रेषेत कापतात. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात, वाळले की आकसतात. आणि प्रत्येक बटेचं आकसणं वेगळं. माझ्या कानापाशी एक बट आहे, ती ओली असताना खांद्यावर टेकते आणि वाळली की गालावर येऊन बसते. तिच्या शेजारची जेमतेम बोटभर आखडते. मग ओल्यात एका रेषेत कापलेलं वाळल्यावर एका रेषेत कसं राहील? दहावीत असताना एकदा माझे असे कापले होते. सोलापुरातून घरी पोचेपर्यंत केस वाळले आणि मी चौथीतली दिसायला लागले.

तर लेकीची रीत अशी. केस धुवायचे, ओले असतानाच बोटांनी गुंता काढायचा, टॉवेलनं खसाखसा न पुसता जुन्या सुती ओढणीनं दाबून टिपायचे, आणि पूर्ण वाळू द्यायचे. मे महिन्यातलं माळव्याचं ऊन, दोन तासांत काम झालं. वाळल्यावर कंगवा लावायचा नाही. मग बटा जशा आपोआप पडल्या असतील तशी एकेक बट हातात घ्यायची, न ताणता, आणि तिचा शेवटचा वेढा जिथे वळतो तिथे टोक कापायचं. एकदम जास्त नाही. अर्धा इंच कापायचा, सोडायचं, बघायचं, वाटलं तर पुन्हा. पहिली बट आतली घ्यायची, म्हणजे चुकलं तरी वरचे केस झाकतात.

कात्री कुठली? घरात तीन होत्या. दुधाच्या पिशव्यांची, ती तर केस चावते. भरतकामाची, ती टिचभर. आणि सासऱ्यांची. ती मेरठची, लोखंडी, वीतभर पात्यांची, दुकानात थान फाडण्याआधी टोक मारायला ते वापरत. ते गेले तेव्हापासून कपाटात तेल लावून कापडात गुंडाळलेली. तिनं कागदसुद्धा कापायचा नाही असा नियम. मी भरतकामाची घेतली. बोथट कात्रीनं केस चेंगरतो आणि टोक पुन्हा दुतोंडी होतं, म्हणून पुढे केस कापायची खास कात्री मागवली, पण त्या दिवशी तीच.

पुढचे केस कापायला अर्धा तास लागला. सरळ झाडू खाली पडला आणि वरचा वेढा सुटल्यासारखा उडी मारून वर गेला. खरंच उडी. मी एकटीच हसले बाथरूममध्ये. सासूबाईंनी बाहेरून काठी आपटली, "काय करतेयस ग इतका वेळ? पाणी संपेल."

"केस कापतेय, आई."

थोडा वेळ शांत. मग, "आज वार काय?"

गुरुवार होता. मी बुधवार म्हणून सांगितलं. पाप लागलं असेल तर लागो.

मग मागचे. तिथे सगळं अडलं. समोर बेसिनचा आरसा, मागे हातात छोटा आरसा, म्हणजे कात्री धरायला एकच हात. दोन आरशांत बघितलं, की हात डावीकडे न्यावा तर उजवीकडे जातो. लेक म्हणाली, मागचे दोन्ही खांद्यांवरून पुढे घे. घेतले. कापले. मागे सोडले, तर मधोमध शेपटीसारखं टोक! नंतर विचार केल्यावर कळलं, मानेच्या मधल्या केसाला खांद्यावरून पुढे यायला लांबचा रस्ता पडतो, म्हणून पुढे सगळे सारखे कापले तरी मागे गेल्यावर मधले लांब राहतात. मग आरसे बाजूला ठेवले आणि नुसत्या बोटांनी, डोळे मिटून, चाचपत कापले. ते जमलं. एक बट मात्र सुटली. अगदी मध्यावर, मानेच्या खळग्याच्या वर. ती अजूनही सुटते.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला वळवून वळवून पाहिलं. त्या वेळी त्या चौऱ्याऐंशीच्या. म्हणाल्या, "मागं एक राहिलीय." आणि थोड्या वेळानं, "बाईनं आपले केस आपण कापलेले मी पहिल्यांदा बघितले."

खरंच, माझ्याही पाहण्यात नव्हते. आमच्या वाड्यात लहानपणी दोनदाच बाईचं डोकं कापलेलं पाहिलं. एकदा विषमज्वर झालेल्या मुलीचं. आणि शेजारच्या आलवणातल्या आजींचं. त्यांच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी न्हावी यायचा, मागच्या दारानं. आजी पाटावर पाठमोऱ्या बसायच्या. आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी, म्हणून आम्ही हमखास जायचो. त्या कधी बोलायच्या नाहीत, न्हावीही बोलायचा नाही. पुढे कॉलेजात वाचलं, की नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 मध्ये सभा घेऊन विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं होतं. पोटावर पाय घेऊन माणसांनी वस्तरा खाली ठेवला. वाचून मला पहिल्यांदा आमच्या वाड्यातला तो न्हावी आठवला, त्याची खाली घातलेली मान. म्हणजे नव्वद वर्षांनंतरसुद्धा आमच्या मागच्या दारापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

असो. कापलेले केस जमवले तर मोठी मूठभर झाले. इंदुरात राहायचं म्हणजे कचरा ओला की सुका हे आधी ठरवावं लागतं. यजमान म्हणाले सुका, मुलगा म्हणाला ओला, कारण कुजतो. सासूबाई म्हणाल्या, पूर्वी केसवाला यायचा, त्याला दिले असते तर चमचा तरी आला असता. त्यांच्या तरुणपणी फणीत आलेले केस भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचे आणि वर्षाकाठी त्यावर भांडं घ्यायचं. वाद मिटेना, तेव्हा मी ते जास्वंदीच्या कुंडीत मातीखाली पुरले.

पण त्यातली एक बट बाजूला काढली, आणि कपाटातून एक डबी आणली. ते का, ते आता सांगावं लागेल. आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

माझी एक मावसबहीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची, ती मला बारके. दोघींचे केस अगदी एक, आजीकडून आलेले. सुटीत आजी दोघींना एकाच दुपारी न्हाऊ घालायची, म्हणजे शिकेकाईची आग एकदाच. गॅदरिंगला तिच्या केसांचा अंबाडा मी घालायची आणि माझा ती, कारण आपला आपल्याला मागून घालता येत नाही. माझं लग्न झालं. ती मात्र लग्नाला नाही म्हणाली, शिकत राहिली, आर्यिका माताजींच्या संघाबरोबर राहू लागली, आणि 1992 साली कुंथलगिरीला तिची दीक्षा ठरली. मी इंदुरहून गेले. बार्शीहून एसटीनं जाताना त्या नावात मला सारखं 'कुंतल' ऐकू येत होतं. कुंतल म्हणजे केस. नावाचा तसा काही संबंध नसेल, पण मनाला कोण आवरणार?

आदल्या दिवशी मिरवणूक. लाल शालू, हातभर मेंदी, केस मोकळे. मी तिला मोकळ्या केसांत अशी चारचौघांत प्रथमच पाहिली, आणि ती इतकी सुंदर दिसत होती, की माझा संताप झाला. कुणावर ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात केशलोच. आमच्यात दीक्षेला केस कापत नाहीत, हातानं उपटतात. शस्त्र नको, न्हावी नको, पैसा नको, कुणाकडे मागणं नको. आणि केस वाढून त्यात जीव होऊ नयेत, मरू नयेत. हे सगळं मला पाठ होतं. पण समोर ती बसली, निसटू नये म्हणून बोटांना राख लावली आणि पहिली मूठ ओढली, तेव्हा पाठ केलेलं काही आठवलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझं मात्र डोकं दुखायला लागलं, खरोखर, मुळांपाशी. पुढचे, बाजूचे तिनं स्वतः काढले. मागचे दोघी माताजींनी. मागे हात पोचत नाही.

शेजारी बायका णमोकार म्हणत होत्या. केस खाली पांढऱ्या कापडावर पडत होते. नंतर ते कापड गुंडाळताना मी पुढे होऊन हात लावला, आणि एक बट माझ्या मुठीत राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. त्यागलेल्या वस्तूची चोरी. कुठल्या व्रताचा किती भंग ते पंडितांनी सांगावं.

आदिनाथ भगवंतांच्या केसांची कथा आहे. त्यांनी चार मुठी लोच केला आणि पाचवी मूठ ओढणार, तर खांद्यांवर पडलेल्या बटा पाहून इंद्रानं विनवलं, एवढ्या राहू द्या. त्यांनी राहू दिल्या. म्हणून कितीतरी मूर्तींमध्ये खांद्यावरच्या जटांवरून आदिनाथ ओळखावे लागतात. इथे गोमटगिरीवरचे एकवीस फुटी बाहुबली घ्या, त्यांच्याही डोक्यावर दगडात कुरळे केस आहेत, एकेक वेढा मोजावा असे. सगळं सोडलेल्या माणसांचे केस शिल्पकारांनी शतकानुशतकं का कोरून ठेवले असतील? मला वाटतं, त्यांनाही एखादी बट हातात ठेवावीशी वाटली असेल. हे आमच्या स्वाध्यायात बोलायची सोय नाही.

तर 2020 च्या त्या दुपारी मी माझी बट आणि तिची बट शेजारी ठेवल्या. तिची कुळकुळीत काळी, सत्तावीस वर्षांच्या मुलीची. माझी अर्धी पांढरी. वेढा तोच.

दोन वर्षांनी, 2022 च्या चातुर्मासात, तिचा संघ इंदूरला आला. आता ताई म्हणायचं नाही, माताजी. पांढरी साडी, हातात पिंछी, डोक्यावर पदर. मी वंदामि केलं, तिनं आशीर्वाद दिला, सगळ्यांना देतात तसाच. मला काय हवं होतं कोण जाणे. घरी येऊन यजमानांवर उगीच चिडले.

मग आमच्याकडे आहार ठरला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: दिगंबर साधू-साध्वी दिवसातून एकदाच, ओंजळीत, आहार आणि पाणी घेतात. पाणीसुद्धा तेवढंच. आणि घेताना अन्नात केस निघाला, मेलेला किडा निघाला, तर तो अंतराय. तिथेच थांबायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही.

मी पहाटे चारला उठले. विहिरीचं पाणी गाळून, सोवळ्यानं, सगळं केलं. मुगाची डाळ, लौकीची भाजी, पोळ्या, दूध. केस धुतलेले, अंबाडा घट्ट, वरून पदर. सासूबाई त्याच वर्षी मकर संक्रांतीच्या सुमारास गेल्या होत्या. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, डोक्याला फडकं बांध ग, तुझे केस ऐकायचे नाहीत. माझ्या डोक्यात आलंच नाही.

तिनं पाणी घेतलं. दोन घास घेतले. तिसऱ्या घासाला तिचा अंगठा अन्नावर थांबला. ओंजळीत डाळ-पोळी, आणि त्यातून वर आलेला एक केस. अर्धा पांढरा, अर्धा काळा, गोल वेढ्याचा. कुणाचा हे विचारायला नको होतं. चौक्यात नऊ माणसं उभी होती आणि सगळ्यांचे केस सरळ होते.

तिनं ओंजळ सोडली. काही बोलली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. हात धुतले, उठली, पिंछी घेतली आणि निघाली. बाहेर ऊन होतं, संघ उतरला होता ते ठिकाण दोन किलोमीटरवर, पाय अनवाणी. मी दारात उभी राहिले. एका बाईनं मागून म्हटलंच, "कापून तरी टाकायचे."

त्या रात्री बाथरूमचं दार लावून मी कात्री घेतली. वाळलेले, न ताणता, शेवटचा वेढा, अर्धा इंच, यातलं काही पाळलं नाही. मूठ धरायची आणि कापायचं. कानापर्यंत आले. पुढचे झाले, बाजूचे झाले. मागे हात नेला, तर खांदा दुखायला लागला. वयाचा आहे तो. चाचपत तीन-चार ठिकाणी कापले आणि कात्री ठेवून दिली. यजमानांनी पाहिलं. ते कमी बोलणारे. म्हणाले, "मागं मी करू का?" मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं. नंतर वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा आहार दुसरीकडे निर्विघ्न झाला हे कळल्यावरच दुपारी गेले. पर्समध्ये डबी होती. सांगून टाकायचं, प्रायश्चित्त मागायचं, असं ठरवलं होतं. चार बायका बसलेल्या. त्या गेल्या. मी बसून राहिले, पदर कपाळापर्यंत ओढून. तिनं वाचत होती ते पुस्तक मिटलं.

"पदर काढ बघू."

काढला. तिनं पाहिलं. मग, "कोणी कापले?"

"मीच."

"मागं हात पोचला?"

"नाही."

"पोचत नाहीच," ती म्हणाली. "मला पहिली दोन वर्षं नाही पोचला. आता पोचतो. पण मागचे दुखतात जास्त." मग जरा थांबून म्हणाली, "अंतराय माझ्या कर्माचा होता, तुझ्या केसांचा नव्हे. पुढच्या वेळी फडकं बांध."

पुढच्या वेळी! म्हणजे पुन्हा आमच्याकडे येईल. मला तेवढंच ऐकू आलं. उठताना तिनं म्हटलं, अगदी हळू, इकडे तिकडे पाहून नव्हे पण तसंच काहीसं, "वाढतील, बारके."

डबी पर्समध्येच राहिली. अजून कपाटात आहे. सांगणार आहे कधीतरी.

केस वाढले. खांद्यापर्यंत यायला सव्वा वर्ष लागलं. मध्ये गवतासारखे चहूकडे उभे राहायचे, त्या काळातले फोटो मी लेकीला डिलीट करायला लावले. आता पुन्हा नीट कापते, वाळलेले, एकेक बट, आपल्या कात्रीनं. साधारण तीन महिन्यांनी. शास्त्रात केशलोच दोन महिन्यांनी उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चार महिन्यांनी जघन्य सांगितला आहे. म्हणजे कात्रीवालीसाठी काही हिशेब असलाच, तर मी मध्यम. आहार असला की डोक्याला सुती फडकं, दोन वेढे देऊन, गाठ मागे.

मागची ती बट दर वेळी लांब राहते. परवा लेक पुण्याहून आली, तेव्हा म्हणाली, "थांब, मी कापते." मी स्टुलावर पाठमोरी बसले. तिनं एक टोक कापलं आणि म्हणाली, "आता तू माझी काप. मलाही तिथलीच राहते."